लाँग टर्म अक्यूट केअरमध्ये नर्सची नोकरी : घ्यावी का?

गोदाकाठ :

माझ्या मावसबहिणीची मुलगी नुकतीच एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास झाली. डॅलसजवळ असते. नव्या आरएनला (रजिस्टर्ड नर्सला) मोठी हॉस्पिटलं दारात उभं करत नाहीत, आधी अनुभव आण म्हणतात. अनुभव द्यायला हसतमुखाने तयार असतात ती एलटॅक, म्हणजे लाँग टर्म अक्यूट केअर हॉस्पिटलं. तिला तिथूनच ऑफर आली आहे, वर साइन-ऑन बोनस. "मावशी, घेऊ का?" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर लिहायला बसले ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं, आणखी कोणाच्या उपयोगी पडेल.

मी ह्यूस्टनला. नवऱ्याच्या व्हिसावर आले, ग्रीन कार्ड झाल्यावर कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग केलं, आणि पहिली नोकरी अशाच एका हॉस्पिटलात लागली. रात्रपाळी. कंपनी नफ्यासाठी चालणारी. नाव विचारू नका.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी : आयसीयूत जीव वाचला, पण घरी किंवा नर्सिंग होममध्ये पाठवण्याजोगी तब्येत नाही, असा पेशंट आमच्याकडे येतो. गळ्यात ट्रेक (श्वासासाठी भोक पाडून घातलेली नळी), ट्रेकला व्हेंटिलेटर, पोटात फीडिंगची नळी, माकडहाडावर हाडापर्यंत गेलेलं बेडसोअर, सहा आठवड्यांची आयव्ही अँटिबायोटिक्स, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बऱ्याच जणांना हे सगळं एकदमच असतं. मेडिकेअरच्या (सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा) नियमाने अशा हॉस्पिटलातला सरासरी मुक्काम २५ दिवसांपेक्षा जास्त असावा लागतो.

रात्री माझ्याकडे पाच पेशंट, त्यातले दोन व्हेंटवर. कोणी रजेवर असेल तर सहा. हाच पेशंट परवापर्यंत आयसीयूत होता तेव्हा त्याच्या नर्सकडे दोनच होते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये वीस मिनिटं बसून माणूस तेवढा सुधारतो असं कुठेतरी कागदावर लिहिलेलं असणार.

रात्री दोनचा सुमार सांगते. एका खोलीच्या दारावर कँडिडा ऑरिसची (चिवट, पसरणारी बुरशी) पाटी, म्हणजे गाऊन आणि ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय आत पाऊल नाही. आत गेले, सक्शन केलं (ट्रेकमधला कफ ओढून काढला), फीड थांबवलं, पलंगाची डोक्याकडची बाजू खाली घेतली. पेशंट १४० किलोचा, कूस बदलायला दोघी हव्यात. सीएनए (नर्सची मदतनीस) एकच, तिच्याकडे बारा पेशंट, ती दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी अंथरूण बदलतेय. छताला लिफ्ट आहे. टेक्ससने २००५ मध्येच पेशंट उचलण्याच्या सुरक्षिततेचा कायदा केला, देशात पहिला. पण लिफ्टची स्लिंग लाँड्रीत. मग उशी, चादर आणि माझी कंबर. जेमतेम वळवलं तोवर जखमेवरचं व्हॅक मशीन (जखमेतला स्राव ओढून घेणारं) ओरडायला लागलं : लीक. नितंबांच्या खाचेत त्याची फिल्म हमखास सुटते, तिथे स्टोमा पेस्ट भरून नवी पट्टी दाबून बसवावी लागते. दोन्ही हात त्यात गुंतलेले, आणि शेजारच्या खोलीतल्या व्हेंटचा हाय प्रेशर अलार्म सुरू. तोही पेशंट माझाच. नुसता खोकला असेल किंवा ट्रेकमध्ये चिकट गुठळी अडकली असेल. त्या गाऊनवर बाहेर पळता येत नाही. काढा, हात सॅनिटाइज करा, धावा. पुढच्या खोलीत सीडिफ (जुलाबाचा संसर्ग) असेल तर सॅनिटायझर चालत नाही, निघताना साबण-पाणीच. आरटी (रेस्पिरेटरी थेरपिस्ट, व्हेंट बघणारी) येते, पण तिच्याकडेही दहा व्हेंट असतात.

यानंतर कॉम्प्युटर. "दर दोन तासांनी कूस बदलली" असा रकाना असतो. मी खरी वेळ लिहिते, ३:२०. मग त्यावर लाल खूण पडते. लाल खुणांची यादी आठवड्याला नर्सच्या नावासकट ब्रेकरूमच्या भिंतीवर लागते. सगळ्यांचे रकाने इतके स्वच्छ कसे, हे तिथे कोणी विचारत नाही.

चांगलं काही नाही का? आहे. व्हेंट, ट्रेक, सेंट्रल लाइन, जखमा यांवर वर्षभरात जो हात बसतो तो मेड-सर्जला (साध्या वॉर्डात) तीन वर्षांत बसणार नाही. पेशंट महिनाभर असतो, घरचे लोक ओळखीचे होतात. दोन महिने आवाज न निघालेल्या बाईला स्पीकिंग व्हॉल्व्ह लावला आणि तिने पहिलं वाक्य माझ्या तोंडावर फेकलं, "तुमच्या इथला टीव्ही फार मोठ्याने असतो." तर आता या मुलीला काय सांगू?

अमोल_के :

बाप रे. असा काही वेगळा प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. वाचतोय.

आकडेमोड्या :

ताई, तुमचे पाच पेशंट कुठून आले ते मी हिशोबाच्या बाजूने सांगतो. माझं काम हॉस्पिटलांच्या बिलांचं आहे.

ऑक्टोबर २००२ पासून मेडिकेअर एलटॅकला झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देत नाही, एका डिस्चार्जमागे ठरीव रक्कम देतं. २०२५ च्या आर्थिक वर्षात मूळ दर ४९ हजार डॉलरच्या आसपास होता, त्याला आजाराच्या वजनाने गुणायचं. व्हेंटवाल्याचं वजन भरपूर. आता यातली मेख. त्या आजाराच्या ठरलेल्या सरासरी मुक्कामाच्या पाच-षष्ठांश दिवसांच्या आत पेशंट गेला तर तो "शॉर्ट स्टे", आणि पैसे बरेच कमी. तो दिवस उलटला की पूर्ण रक्कम. त्यानंतर फारच महागडी केस झाली तरच वर काही मिळतं, नाहीतर पुढचा प्रत्येक दिवस हॉस्पिटलच्या खिशातून.

आइनाव्ह, फिंकेलस्टीन आणि महोनी या अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्चार्जचा आलेख नेमका त्या दिवशी उसळी घेतो. पेशंट बरे व्हायचा मुहूर्त बिलाच्या तारखेशी जुळून येतो म्हणा ना.

म्हणजे जमा बाजू आधीच ठरलेली. मॅनेजरच्या हातात उरतो खर्च, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग नर्सिंगचे तास. रोज सकाळी तिला एक आकडा विचारला जातो : काल दर पेशंटमागे किती तास लागले? पाचाऐवजी चार पेशंट दिले तर तो आकडा वाढतो, त्याचा जाब तिला द्यावा लागतो. सहा दिले तर कोणी विचारत नाही. ती वाईट बाई असते असं नाही.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. २०१३ च्या कायद्याने नियम घट्ट केले, ते ऑक्टोबर २०१५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पूर्ण एलटॅक दर हवा तर पेशंट आधी किमान तीन दिवस आयसीयूत असायला हवा किंवा एलटॅकमध्ये ९६ तासांहून जास्त व्हेंटवर. बाकीच्यांचे पैसे साध्या हॉस्पिटलच्या मापाने, म्हणजे पुष्कळ कमी. कोविडमध्ये ही अट बाजूला ठेवली होती, मे २०२३ मध्ये ती परत आली. परिणाम काय? पूर्वी पाचांत एखाददोन हलके असायचे, नुसती अँटिबायोटिक्सवाले. ते येणं थांबलं. आता पाचही जड. नर्सचा ग्रिड (किती पेशंटमागे किती नर्स याचा तक्ता) मात्र बहुतेक ठिकाणी हलके पेशंट असतानाचाच असावा असा माझा अंदाज.

गोदाकाठ :

अंदाज नाही, आमच्याकडे तसंच झालंय. जुन्या मुली सांगतात, पूर्वी पाच म्हणजे दोन जड, तीन चालते-बोलते. कागदावर तेव्हाही पाच, आताही पाच.

आणि ती तारीख आम्हाला माहीत असते बरं का. केस मॅनेजरच्या शीटवर प्रत्येक पेशंटपुढे एक आकडा लिहिलेला असतो. तो दिवस जवळ आला की अचानक सगळे प्रेमाने विचारायला लागतात, ट्रेक कधी काढायचा, घरच्यांना शिकवलं का. मग एकाच दिवशी तीन डिस्चार्ज आणि संध्याकाळी तीन नवे. सुधारून जरा सोपा झालेला पेशंट जातो आणि त्या खाटेवर आयसीयूतून थेट आलेला येतो. असाइनमेंट हलकी होण्याची वेळच येत नाही.

उलट बाजूही आहे. खाटा रिकाम्या पडल्या की दुपारी चारला फोन : "आज येऊ नका, लो सेन्सस." पगार नाही. साठवलेली रजा त्यात भरायची. वर ऑन-कॉल ठेवलं तर तासाला किरकोळ पैसे आणि रात्री अकराला "या". मुलांना सांभाळणाऱ्या बाईला मी काय सांगू?

ओहायोकर_माधव :

मला हे एकतर्फी वाटतंय. नफा म्हटला की आपल्याकडे लगेच खलनायक दिसतो. माझी बायको ना-नफा हॉस्पिटलात मेड-सर्जला आहे, तिलाही सहा पेशंट असतात. नर्सेसचा तुटवडा सगळीकडे आहे. पगार बघा, असोसिएट डिग्रीवर इतके पैसे दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मिळतात?

आणि आकडेमोड्या, ज्या लेखकांचा हवाला तुम्ही दिलात त्यांनीच त्याच वर्षी दुसरा पेपर लिहून म्हटलंय की एलटॅकला पाठवणंच बंद केलं तर मेडिकेअरचे वर्षाला सुमारे ४.६ अब्ज डॉलर वाचतील आणि पेशंटचं काही बिघडणार नाही. मग करा बंद. नर्सेसच्या नोकऱ्यांचं काय ते सांगा.

आकडेमोड्या :

पेपर बरोबर सांगितलात. डिस्चार्जची उसळी ना-नफावाल्यांतही दिसते हेही खरं, फक्त नफावाल्यांत आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या इमारतीत भाड्याने मजला घेऊन चालणाऱ्यांत ती जास्त ठळक आहे. एलटॅकमध्ये बहुसंख्य नफावालेच आहेत, आणि त्यांतही मोजक्या साखळ्या. तिथे मालकाची सवय हीच धंद्याची रीत होते.

गोदाकाठ :

माधव, बंद केल्यावर हे पेशंट जाणार नर्सिंग होममध्ये. तिथे एका नर्सकडे पंचवीस-तीस. सरासरीत काही बिघडत नसेल, पण ज्याला अर्ध्या तासाला सक्शन लागतं त्याला सरासरी सांगून बघा. पैसे वाचतील यात मात्र शंका नाही.

पगाराचं मान्य. पैसे चांगले आहेत. म्हणून तर माणसं येतात. आमच्या मजल्यावर वर्षभरापूर्वीचे चेहरे निम्मे दिसत नाहीत, अनुभव मिळाला की आयसीयूत पळतात. मग चार्ज नर्स (पाळीची प्रमुख) कोण, तर दीड वर्ष झालेली मुलगी, आणि तिच्याकडेही स्वतःचे चार पेशंट.

सई_सॅनडिएगो :

मी कॅलिफोर्नियात, युनियनवाल्या हॉस्पिटलात. आमच्याकडे कायदा आहे. १९९९ ला पास झाला, २००४ पासून लागू. आयसीयूत एका नर्सला दोन, स्टेप-डाउनला (आयसीयूच्या खालची पायरी) तीन, टेलिमेट्रीला (हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर) चार, मेड-सर्जला पाच. एलटॅकचं लायसन्सही इथे जनरल अक्यूट हॉस्पिटलचंच, त्यामुळे त्यांनाही हेच लागू. आणि हे प्रमाण प्रत्येक मिनिटाला पाळायचं, म्हणजे मी जेवायला गेले तर माझे पेशंट शेजारणीच्या गळ्यात मारता येत नाहीत, ब्रेक-रिलीफ नर्स यावी लागते. टेक्ससमधून आलेल्या मैत्रिणीला हे पहिल्या दिवशी सांगितलं तर तिला वाटलं चेष्टा करतेय.

अर्थात पळवाट आहेच. खाट कोणत्या वर्गात मोडते यावर सगळं ठरतं. व्हेंटचा पेशंट स्टेप-डाउनमध्ये दाखवला की तीन, टेलिमेट्रीत दाखवला की चार. त्यावरून भांडणं होतात, पण भांडायला निदान आकडा तरी असतो.

माधव यांना : पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास बघा. सर्जरीच्या पेशंटवर केला होता. नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे प्रश्न नुसता नर्सच्या कंबरेचा नाही.

ओहायोकर_माधव :

आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ ला हाच कायदा मतदानाला टाकला तेव्हा लोकांनीच सत्तर टक्के मतांनी पाडला ना?

सई_सॅनडिएगो :

पाडला. तोपर्यंत हॉस्पिटलांनी टीव्हीवर किती जाहिराती केल्या तेही बघा. ओरेगनने २०२३ मध्ये केलाच की.

नेहा_प्लेनो :

मी नर्स नाही. माझे सासरे तीन आठवडे आयसीयूत होते, न्यूमोनियानंतर व्हेंट सुटेना. आता त्यांना एलटॅकला हलवायचं म्हणतायत आणि दोन नावं दिली आहेत. उद्यापर्यंत सांगा म्हणतात. हा धागा वाचून पोटात गोळा आला आहे. काय बघायचं? गोदाकाठताई, प्लीज सांगाल का?

गोदाकाठ :

नेहा, घाबरू नका. बरेच पेशंट व्हेंटवरून सुटतात, मी दर महिन्याला बघते.

दोन्ही ठिकाणी स्वतः जा, शक्यतो संध्याकाळी सातनंतर. लॉबी आणि फुलदाणी बघू नका, मजल्यावर जा. पाच मिनिटं उभ्या राहा आणि अलार्म वाजल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो ते बघा. विचारा : रात्री एका नर्सकडे किती पेशंट, चार्ज नर्सकडे स्वतःचे पेशंट असतात का, रात्री डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर, आरटी किती व्हेंट बघते. तब्येत अचानक बिघडली तर कुठे नेणार तेही विचारा. स्वतंत्र इमारत असेल तर ९११ लावून अ‍ॅम्ब्युलन्स मागवतात, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं.

व्हेंट सोडवायचा प्लॅन कोण करतं हे विचाराच. शिकागोजवळच्या एका एलटॅकमध्ये झालेला आणि २०१३ ला प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. व्हेंटचा आधार हळूहळू कमी करण्यापेक्षा रोज ट्रेक कॉलरवर (व्हेंट काढून, ट्रेकवर नुसता ऑक्सिजन देऊन) स्वतः श्वास घ्यायला लावलं त्या पेशंटचं व्हेंट लवकर सुटलं, मध्यक (मीडियन) १५ दिवस विरुद्ध १९. त्यासाठी शेजारी लक्ष ठेवायला माणूस लागतो. माणूस नसला की "आज पेशंट दमलाय" असं लिहून ट्रायल पुढे ढकलली जाते.

आणि नर्सवर ओरडू नका हो. तिच्याशी ओळख करून घ्या. सासऱ्यांना मराठीच समजत असेल तर दुखतंय, तहान, सक्शन, कूस एवढे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळ लावा, उच्चार इंग्रजीत. टाचा उशीवर अधांतरी आहेत ना ते रोज बघा. डिस्चार्ज लवकर वाटला तर मेडिकेअरचा एक कागद सहीला देतात, त्यावर अपिलाचा नंबर असतो. डिस्चार्जच्या दिवसाच्या आत फोन करायचा, मग निर्णय येईपर्यंत काढता येत नाही.

नेहा_प्लेनो :

खूप खूप आभार. उद्या संध्याकाळी जातो.

मल्हार_आरएन :

मी मूळचा सांगलीचा, आता लुइझियानात. आमचा मार्ग वेगळा, आखाती देशातून. तिकडे असताना एनक्लेक्स दिली, एजन्सीने इबी-३ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डची) फाइल टाकली आणि मग भारताच्या रांगेत वर्षानुवर्षं बसलो. आलो तेव्हा तीन वर्षांचा करार, मध्येच सोडलं तर दंड. एजन्सी कुठे टाकेल ते आपल्या हातात नाही. मला एलटॅकमध्ये टाकलं. मजल्यावर फिलिपिनो, केरळच्या दोन चेच्या आणि मी. स्थानिक नर्स त्या असाइनमेंटला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे रुजू होते. आम्ही नाही म्हणू शकत नाही हे शेड्यूल करणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक. सहावा पेशंट कोणाला? अंदाज करा.

दंडाबद्दल भारतातल्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवावं. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होमच्या फिलिपिनो नर्सेसनी केस केली होती, करार मोडल्यास २५,००० डॉलर अशी अट होती. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने ती अट बेकायदा ठरवली, मानवी तस्करीविरोधी कायद्याखाली. त्याआधी त्याच कंपन्यांची नोकरी एकदम सोडलेल्या दहा नर्सेसवर फौजदारी खटला भरला होता, तो २००९ मध्ये वरच्या कोर्टाने थांबवला. म्हणजे प्रत्येक दंड फुसका असं नाही, पण सही करण्याआधी आणि सोडण्याआधी वकिलाला विचारा. एजन्सीच्या वकिलाला नव्हे.

थोडं अवांतर : २००५ च्या कतरिनात न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल हॉस्पिटलात ४५ मृतदेह सापडले. त्यातले बरेच सातव्या मजल्यावरचे. तो मजला दुसऱ्याच कंपनीने भाड्याने घेतलेला एलटॅक होता. इमारत एकाची, पेशंट दुसऱ्याचे, आणि बाहेर काढायचं कोणी हे पाण्यात उभं राहून ठरवायचं. आमच्याकडे वादळाचा इशारा आला की अजून हा विषय निघतो.

सिस्टर_औंध :

पुण्यात अशी सेंटर्स आता निघाली आहेत, ट्रान्झिशन केअर म्हणतात. स्ट्रोक, ट्रेक, सगळं तेच. मला रात्री आठ पेशंट. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिन्याला २०,००० पेक्षा कमी देऊ नये. आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना आजही विचारा किती मिळतात. तुमचं वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगू का, थोडा हेवाही वाटला. लाल खूण पडायला आधी कॉम्प्युटर लागतो.

अ‍ॅडमिन_टीम :

दोन प्रतिसादांतली हॉस्पिटलांची नावं काढली आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत.

बेला_ऑस्टिन :

टेक्ससमध्ये "सेफ हार्बर" आहे ना? असाइनमेंट धोकादायक वाटली तर ती स्वीकारतानाच लेखी नोंदवायची, मग पुढे काही झालं तरी लायसन्सला संरक्षण. सक्तीचा ओव्हरटाइमही २००९ पासून बंद आहे, आणि प्रत्येक हॉस्पिटलला नर्सेसची स्टाफिंग कमिटी ठेवावी लागते. या सगळ्याचा वापर का होत नाही?

गोदाकाठ :

कमिटी आहे. तिची बैठक दुपारी दोनला असते, रात्रपाळीवाल्या तेव्हा झोपलेल्या असतात. सक्तीचा ओव्हरटाइम नाही, पण "तू गेलीस तर तुझे पेशंट कोणाकडे देऊ?" असं विचारलं की बसतेच ना माणूस.

सेफ हार्बर माझ्यासमोर एकीने केलं होतं. सात पेशंट दिले तेव्हा. फॉर्म कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, तिने नर्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवरून काढला. सुपरवायझर वर आली, कपाळाला आठ्या, पण दोन पेशंट दुसरीकडे वळवले. म्हणजे काम झालं. सूड घेणं कायद्याने मना आहे, आणि कोणी घेतलाही नाही. फक्त पुढच्या शेड्यूलमध्ये तिला सणासुदीच्या सगळ्या रात्री आल्या, आणि तो योगायोग होता असं सांगण्यात आलं. त्यानंतर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

तरी मी म्हणते, फॉर्मच्या दोन प्रती लॉकरमध्ये असू द्याव्यात. असाइनमेंट घेण्याआधी भरायचा, नंतर नाही. मधेच परिस्थिती बदलली, म्हणजे नवा पेशंट टाकला, तर तेव्हाही चालतो. मल्हार, तुमच्याकडे असं काही आहे?

मल्हार_आरएन :

माझ्या पाहण्यात नाही. आम्ही ईमेल करतो आणि स्वतःला सीसी करतो.

केतकी_नवी_आरएन :

मी तीच भाची. मावशीने लिंक पाठवली. सगळं वाचलं, दोन रात्री झोप उडाली, तरी इंटरव्ह्यूला गेले.

रेशो (एका नर्समागे किती पेशंट) लेखी मागितला तर मॅनेजर हसल्या, पण ग्रिड दाखवला. रात्री पाच, चार्ज नर्सला तीन. ओरिएंटेशन सहा आठवडे म्हणाल्या, मी बारा मागितले, दहावर आलो. एक रात्र शॅडो करू द्या म्हटलं, चार तास करू दिलं. जिच्यासोबत होते ती बाई भली होती. ती चार तासांत एकदाही बसली नाही आणि तिने पाण्याची बाटली उघडलेली मी पाहिली नाही. पण ट्रेकचं जे तिने दाखवलं ते कॉलेजात दोन वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

माझा कल घ्यावी असा आहे. बोनसपाशी अडलंय. दहा हजार डॉलर, दोन वर्षं राहायचं, आधी सोडलं तर "पूर्ण ढोबळ रक्कम" परत. याचा अर्थ काय?

आकडेमोड्या :

अर्थ असा की हातात सातेक हजार येतील, कर कापून, आणि परत मागतील दहा. त्याच वर्षात परत दिलेस तर पगाराच्या कागदात दुरुस्ती होऊ शकते. पुढच्या वर्षात गेलीस तर आधी पूर्ण दहा भरायचे आणि कापलेला कर रिटर्नमध्ये मागायचा. रक्कम ३,००० डॉलरच्या वर असल्यामुळे तशी सोय आहे, पण कटकट मोठी. दोन गोष्टी माग : जितके महिने काम केलं त्या प्रमाणात परतफेड कमी व्हावी, आणि त्यांनीच काढलं किंवा लो सेन्ससमुळे तास कमी झाले तर परतफेड नाही. दोन्ही देत नसतील तर बोनस सोडून दे आणि तासाचा दर अडीच डॉलरने वाढवून माग. साधारण पूर्ण वेळ काम केलंस तर दोन वर्षांत तेवढेच पैसे होतात आणि पाय मोकळे राहतात.

गोदाकाठ :

केतकी, हे ऐक. आणि ग्रिडचा फोटो काढलास का?

केतकी_नवी_आरएन :

काढू दिला नाही मावशी. घरी येऊन आठवेल तेवढा लिहून ठेवला. आज दराचं ईमेल टाकते.